ठेवणीतला पाय

"ताई, तुमचं जोडवं पडलं," असं म्हणून ती कॉलेजची पोरगी वाकली, तिनं जोडवं उचललं, आणि मग तिचा चेहरा असा काही झाला की राजेश्वरीला आधी त्या पोरीचीच काळजी वाटली. जोडव्यात बोट होतं. गव्हाळ रंगाचं, रबराचं, वर नखाची खूण कोरलेलं, मुळापासून तुटलेलं बोट. पोरीला ते टाकवेना आणि धरवेना. हातावर झुरळ बसावं तसा हात लांब करून ती उभी राहिली. भर दुपारची वेळ, समोर बारामतीचं बसस्थानक, फुटपाथ असा गुळगुळीत की त्यावर पंगत बसवावी, आणि त्यावर राजेश्वरी रेलिंगला धरून एका पायावर. "द्या इकडं," ती म्हणाली, "माझंच आहे." पोरगी "सॉरी, सॉरी" करत निघून गेली. सॉरी कशाबद्दल, हे तिचं तिला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. राजेश्वरीनं ते बोट जोडव्यासकट पदराच्या टोकाला बांधलं, पाऊल पुढं टाकलं, आणि तेव्हा कळलं की मामला एका बोटावर भागलेला नाही. बोटाच्या जागेपासून टाचेकडं रबर उभं फाटत गेलं होतं आणि चपलेच्या आत पावलाच्या दोन फाका झाल्या होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. आता ज्या तळपायातून ती निघाली तो डावा पाय कित्येक वर्षांपूर्वी सणसरजवळ उसाच्या ट्रेलरखाली गेलेला, पण तो जाऊनही पुरता गेला नव्हता. खाजायचा. ढगाळ हवेत ठणकायचा. आणि आत्ता, ह्या क्षणी, त्याच्या दुसऱ्या बोटात जोडवं घट्ट झाल्यासारखं वाटत होतं. जोडवं पदराला, बोट पदराला, आणि आवळतंय मात्र पायात! आता ह्याला काय म्हणावं? डॉक्टर म्हणाला होता, मेंदूला सवय असते हो, हळूहळू जाते. मेंदूला एवढी सवय आहे तर मेंदूनंच चालून दाखवावं, मला कशाला छळता, असं तिला तेव्हाही म्हणावंसं वाटलं होतं आणि तिनं ते गिळलं होतं. ह्या रबराच्या पायानं काय नाही सोसलं? साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या मळीचा चिखल सोसला, पाटाच्या कडेची शेवाळं सोसली, नरसिंहपूरच्या ओल्या पायऱ्या उतरून संगमावर जाऊन आला आणि चढूनही आला. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घेतली, दोनदा बोल्ट आवळून घेतला, पंक्चरवाल्यानं सोल्यूशन फासलं तेही मुकाट्यानं फासून घेतलं. आणि मोडला कुठं, तर जिथं लोक सकाळी बूट घालून हवा खायला येतात त्या फुटपाथावर. मोडला कधी, तर शुक्रवारी. सोमवार तोंडावर आला असताना.

हे सगळं जोडव्यापायी झालं होतं. पाय वाटपाच्या शिबिरातून मिळणाऱ्या ह्या पायाला बोटं असतात ती नावाला. मधे नुसत्या रेघा, वेगळं बोट असं एकही नाही. पाय घरी आला त्याच दिवशी रंगूबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, तो उलटापालटा करून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "सवाशीण बाई एकाच पायात जोडवं घालून हिंडती व्हय गं? माझ्या अजितचं काय निम्मंच आयुष्य ऱ्हायलंय का?" आधी दोऱ्यानं बांधून झालं. दोरा न्हाणीत सुटला. मग फेविक्विक झालं. मग एका गुरुवारी राजेश्वरी पाटावर बसून अंघोळ उरकून, भिंतीला धरून लंगडी घालत बाहेर आली तर कोपऱ्यात पाय नाही. अजित पेपर वाचत बसलेला. "माझा पाय कुठाय?" "बाजारात गेलाय," अजित म्हणाला, पेपरातून डोकं वर न काढता. "आई घेऊन गेली. चांभाराकडं." पिशवीतून मेथी आणावी तसा सासू तिचा पाय घेऊन बाजारात गेली होती आणि अजित पाळीला निघून गेल्यावर ती दुपारपर्यंत खाटेवर बसून राहिली, कढीला ऊत आला तेव्हा लंगडी घालत गॅसपर्यंत पोचेस्तोवर निम्मी कढी ओट्यावर. पाय परत आला तो दुसऱ्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी रापीनं चिरून, आत चांदीचं जोडवं घालून. "आता कशी दिसती बघ," रंगूबाई म्हणाल्या. आणि संतापाची गोष्ट ही की ते खरंच छान दिसत होतं. तिनं काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. चीर मात्र त्या दिवसापासून रोज थोडी थोडी आत जात राहिली, आणि ती जाताना राजेश्वरीला पावलागणिक ऐकू यायची, कच, कच, कच.

दुकानापर्यंत ती कशी पोचली ते तिलाच माहीत. इकबालशेठच्या साड्यांच्या दुकानात ती अपघाताच्या आधीपासून होती, आणि तेव्हा ती गादीवर होती. गादी म्हणजे सगळं काही. पांढरीशुभ्र चादर, त्यावर अनवाणी बसायचं, एकेक साडी फेकावी तशी उलगडायची, आणि गिऱ्हाईक डगमगायला लागलं की उठून उभं राहायचं, अंगावरच्या साडीवरच ती साडी गुंडाळायची, निऱ्या धरायच्या, पदर टाकायचा आणि अर्धं वळायचं. त्या अर्ध्या वळण्यात साडी विकली जाते. हे शिकवून येत नाही. राजेश्वरीच्या अंगावर टाकलेली साडी बाई घेतल्याशिवाय उठत नाही असं पेठेत म्हणायचे, आणि ते तिला माहीत होतं, आणि माहीत असल्याचं ती दाखवत नसे. पाय गेल्यावर शेठनी तिला काढलं नाही. माणूस भला. मॅचिंगच्या काउंटरला उंच खुर्ची दिली, पंखा दिला, वर पोरींना ताकीद दिली की ताईंना पाणी जागेवर द्यायचं. ह्या भलेपणाचा तिला उबग आला होता. दिवसभर ब्लाउजपीस आणि साडी एकमेकांशेजारी धरायची, "हा जरा गडद होतोय, हा बघा" म्हणायचं, आणि समोर गादीवर सोनम उभी राहून पदर टाकतेय ते बघायचं. सोनम पदर टाकायची की टॉवेल वाळत घालायची हे देवालाच ठाऊक. पोरगी वाईट नव्हती, पण वळताना मान आधी वळायची आणि साडी मागून यायची. राजेश्वरीचे हात काउंटरखाली आपोआप निऱ्या धरायचे.

आणि आता इंदापूरचं दुकान उघडत होतं. सोमवारी. शेठ गेल्या महिन्यात काउंटरजवळ येऊन, घसा खाकरून म्हणाले होते, "ताई, इंदापूरची गादी तुमी बघायची. हितल्या पोरींच्यानं नवं दुकान उभं ऱ्हायचं न्हाय." तिनं "बरं" एवढंच म्हटलं. घरी गेल्यावर न्हाणीचं दार लावून ती रडली, आणि रडता रडता तिथंच, स्टुलावर बसून, ओल्या टॉवेलच्या निऱ्या घातल्या.

"पायाला काय झालं?" शेठनी आज तिला दारातून येताना बघूनच विचारलं.

"फाटला."

"या अल्ला." ते गल्ल्यावरून उठले, परत बसले. "मग सोमवारचं कसं करायचं? न्हाय, म्हंजे घाई न्हाय बरं का. तुमी बसा आपल्या मॅचिंगला निवांत. सुरुवातीला सोनम जाईल तिकडं. तुमी पाय बिय नीट करून मागनं या."

मागनं! गादीवर एकदा दुसरी बाई बसली की ती उठत नसते, हे शेठना कळत नव्हतं की कळून असं बोलत होते? गिऱ्हाईक पहिल्या दिवशी जिच्याकडं बसतं तिलाच पुढं विचारत येतं. सोनम पलीकडं घड्या घालत होती आणि कान इकडं होते, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. "मागनं कशाला? सोमवारीच येते," राजेश्वरी म्हणाली. "घरी नवा पाय आहे."

"नवा पाय हाय?" शेठ चकित झाले. "मग हा फाटका कशाला घालत होता एवढे दिवस?"

"तो ठेवणीतला आहे."

साड्यांच्या व्यापाऱ्याला ह्यापुढं काही सांगावं लागत नाही. "हां, मग बरोबर हाय," इकबालशेठ म्हणाले आणि अगदी समजुतीनं मान डोलावली. त्यांनी स्वतः गठ्ठ्याची सुतळी आणून दिली. तिनं पाऊल चपलेसकट सुतळीनं आवळून बांधलं आणि पाचची इंदापूर गाडी धरली.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शिबिराच्या माणसाला तिनं फोन लावला. तो पुण्याचा, बोलायला गोड. पाऊल बदलून मिळेल हो, काही अडचण नाही, पण आमचे कारागीर सध्या बाहेर शिबिराला गेलेत, पुढच्या आठवड्यात या की पुण्याला. पुढच्या आठवड्यात! ह्यांच्या लेखी पाय म्हणजे पंखा आहे, आज नाही तर उद्या फिरेल. फोन ठेवला तरी तिला त्याची फार फिकीर नव्हती. नवा पाय घरी होता. दीड वर्षामागं बारामतीतल्या मंगल कार्यालयात शिबिर झालं तेव्हा मिळालेला. स्टेजवर सगळ्यांना एका ओळीत उभं करून आपापला पाय छातीशी धरायला लावला होता आणि फोटो काढला होता. माप घेणारा काळ्या बोटांचा माणूस तिच्या खुंटावर ओलं प्लास्टर गुंडाळताना म्हणाला होता, "हे आजचं माप आहे, बाई. खुंट बदलत राहतो. तेव्हा आजपासूनच घाला, ठेवू नका." शेजारी बसलेल्या रंगूबाईंनी "व्हय व्हय, घालंल की" म्हणून मान हलवली होती. आणि घरी येऊन पाय प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता. "जुना चालतोय न्हवं अजून? नव्याचा कशाला भुगा करायचा रोजच्या कामात? कार्याला लागंल." कुठलं कार्य, तर संस्कृतीचं लग्न. संस्कृती, तिची पोर, तेव्हा अकरावीला होती! हसावं का रडावं? आणि तरी राजेश्वरी काय म्हणाली होती? "राहू दे मग, चालतोय हाच," असंच म्हणाली होती. त्या घरात असंच होतं. फ्रिजवरचं पातळ प्लास्टिक निघालं नव्हतं, रिमोट पिशवीत होता, स्टीलच्या डब्यांवर दुकानाची चिकटी होती, सोफ्यावर उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या पण कव्हर काढायचं नाही. तीसुद्धा त्यातलीच झाली होती. दिवसभर गिऱ्हाईकांना घसा कोरडा पडेस्तोवर सांगायची, बाई, कपाटात ठेवून मारू नका साडी, मधूनमधून घडी उलटी करा, नेसा, वारं लागू द्या, रेशीम घडीवर फाटतं. आणि संध्याकाळी ह्या घरी यायची.

भवानीनगरला उतरली तेव्हा कारखान्याचा धूर खाली बसला होता आणि हवेला तो गोडसर, आंबूस वास होता. अजित पहिल्या पाळीहून येऊन झोपून उठला होता. बांधलेल्या पायाकडं बघून तो म्हणाला, "बघू." अजित सगळ्याला बघू म्हणतो. गळक्या नळाला बघू, पोरीच्या ॲडमिशनला बघू, बायकोचा पाय कापायचा का हे डॉक्टरनं विचारलं तेव्हाही त्याच्या तोंडून पहिल्यांदा बघूच निघालं होतं. "बघायचं काय त्यात?" ती म्हणाली. "माळ्यावरचा पाय काढा."

रंगूबाईंना मात्र हुरूप आला. मुहूर्त जरा अलीकडं आला एवढंच, पण इंदापूरच्या दुकानाचं उद्घाटन म्हणजे तेही कार्यच. "काढ रं, अजित, जपून काढ, आपटशील बिपटशील." पत्र्याखालच्या माळ्यावरून ट्रंक उतरली, ट्रंकेतून साखरेच्या पोत्यातला गठ्ठा, त्यातून प्लास्टिक, त्यातून जुनं पांघरूण, आणि शेवटी डांबरगोळ्यांच्या वासाचा ढग सोडत पाय बाहेर आला. गुडघ्याखाली खुंट बसतो त्या वाटीवर हळदीकुंकवाची बोटं वाळून बसली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. कोयता, अजितचे पाने, मोटरसायकल, तिचं शिलाई मशीन, त्या ओळीत रंगूबाई हा पायही काढून ठेवायच्या, फूल वाहायच्या, नारळाचं पाणी शिंपडायच्या आणि परत बांधून ठेवायच्या. पूजा होऊन झाकून ठेवलेलं हत्यार. पाऊल किती स्वच्छ होतं! एक ओरखडा नाही. बोटांच्या मधल्या रेघा जशाच्या तशा. राजेश्वरीला एकदम नव्या साडीसारखा त्याचा वास घ्यावासा वाटला, आणि डांबरगोळीनं ठसका लागला.

तिनं खुंटावर मोजा चढवला, खुंट वाटीत घातला, उठून उभी राहिली, आणि पाय फिरला. पाऊल आपलं सावकाश, शिष्टासारखं बाहेरच्या बाजूला वळलं आणि तिकडंच तोंड करून उभं राहिलं. तिनं ते हातानं सरळ केलं. पाऊल टाकलं. परत वळलं. दीड वर्षात खुंट वाळला होता, काळ्या बोटांचा माणूस म्हणाला होता तसा. वाटीत तो आता बादलीत तांब्या हलावा तसा हलत होता. मांडीवर आवळायचा चामडी पट्टा माळ्यावरच्या उकाड्यानं कडक झाला होता. ओढला तसा कडकन तुटला. अजित तुटलेलं टोक उचलून म्हणाला, "बघू, उद्या—"

"काही बघू नका तुमी!" राजेश्वरी ओरडली. तिचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला असेल, जाऊ दे. "बघून बघूनच हे झालंय!" ती सासूकडं वळली. "आत्या, कुणी सांगितलं होतं ह्याला ठेवणीत ठेवायला? पाय हाय का तो पैठणी हाय? पोरीच्या लग्नाला घालंल म्हणं! त्या पोरीनं लग्नच न्हाय केलं तर? मी आधीच मेले तर? चितेवर घालणार होता का नवाकोरा? एक पाय चिरून जोडव्यापायी घालवला, आणि दुसरा पुजून पुजून घालवला! माणसाला चालायला दिलेला होता तो. मला चालायचं होतं त्याच्यावर!" बोलता बोलता तिला गादी दिसत होती, पांढरी चादर, आणि तिच्यावर इंदापुरातल्या बायकांसमोर मान आधी वळवणारी सोनम. तिनं पाय उपसून काढला आणि ढकलून दिला. तो फरशीवर फिरत जाऊन सोफ्याच्या प्लास्टिकला लागून थांबला.

रंगूबाईंनी पाय उचलला, पदरानं पुसला, आणि भिंतीशी उभा करून ठेवला. रात्री जेवल्या नाहीत, हे अजितनं सकाळी सांगितलं. राजेश्वरीला त्याचाही राग आला. आता ह्यांच्या उपासाचं ओझं आणि वर.

शनिवार सगळा चिंध्यांत गेला. पट्ट्याचं अजितनं खरंच बघितलं, मोटरसायकलच्या दुकानातून एक रुंद पट्टा आणला आणि बसवला, आणि ती त्याला चांगलं म्हणाली नाही. पण वाटीतली पोकळी भरेना. अजितचे मोजे घालून बघितले, त्यांच्या शिवणी टोचल्या. टॉवेल गुंडाळला, त्याचे गोळे झाले. दुकानातून मिळणाऱ्या तिच्या साड्या सगळ्या सिंथेटिक, त्या आत सटकायच्या आणि घाम सोडायच्या. रंगूबाईंच्या रोजच्यासुद्धा तसल्याच झुळझुळीत. कधीकाळी ह्याच मुलखात बायका सुती लुगड्यांशिवाय काही नेसत नव्हत्या, आणि आता आख्ख्या घरात सुती मऊ चिंधी मिळू नये! तिला आपल्या धंद्याचाच वीट आला.

रविवारी सकाळी ती खाटेवर बसून खुंटाला पावडर लावत होती, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. लांब, सरळ, मधे न अडखळणारा. कापड फाडल्याचा आवाज. कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या बाईला आवाजावरून कापड कळतं. हे सुती होतं, जुनं होतं आणि भारी होतं. एकदा फाटलं. परत फाटलं. ती भिंतीला धरून दारापर्यंत गेली.

रंगूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर ट्रंक उघडी, आणि मांडीवर गर्द हिरवं इरकल, लाल काठाचं. ते लुगडं राजेश्वरीला माहीत होतं. अजितच्या लग्नात नेसलेलं. पुढं दरसाल पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, घडी बदलून ठेवलेलं, आणि लग्न होऊन घरात आली तेव्हाच तिला ट्रंकेचं झाकण उघडून दाखवून ठेवलेलं: हे मी जाताना नेसवायचं, राजे, दुसरं काय घालू नका, ध्येनात ठेव. त्याच्या वीतभर रुंद पट्ट्या निघत होत्या. काठ दातानं सुरू करायचा आणि मग दोन्ही हातांनी.

"आत्या! अवो काय करताय!" राजेश्वरीच्या तोंडून किंचाळीच निघाली. "मी कापडाच्या दुकानात कामाला हाय, आत्या! आज मांजरपाट आणला असता की वारभर!"

"आणला असतास," रंगूबाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते पण हात थांबले नव्हते. "त्यो नवा. नवं टोचतं. ह्ये बघ, हात लावून बघ, कसं लोण्यावाणी झालंय."

"मग तुमच्या येळंला काय नेसवू?"

"त्या येळंला मला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी आणखी एक पट्टी फाडली, आणि मग एकदम वैतागून म्हणाल्या, "ये की अशी जवळ. किती वेळ हुबी ऱ्हाशील एका पायावर, पडशील की गं!"

राजेश्वरी खाली बसली. सासूनं तिचा खुंट मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी हातात घेतला नव्हता. पायाची पूजा केली, बाजारात नेला, उचलून पुसला, पण खुंटाकडं बघायचं झालं की त्या चुलीकडं वळायच्या. आता त्या त्याच्यावर पट्टी गुंडाळत होत्या, बाळंतिणीचं पोट बांधावं तशी, ताणून, सारखी, एकावर एक. राजेश्वरीचा राग गेला नव्हता. तो तिथंच होता, घशाशी, आणि त्याच्याशेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि दोन्हींना मिळून जागा पुरत नव्हती. ती रडायला लागली, आणि रंगूबाई म्हणाल्या, "रडू नगं, हलतंय." वाटीत खुंट घातला. उभी राहिली. पाऊल सरळ राहिलं. चार घरं चालून आली. थोडं वळलं, पण थोडंच.

सोमवारी सकाळी दारात चप्पल घालताना सासूची नजर पावलाकडं गेली. कोरं पाऊल, जोडव्याशिवाय. राजेश्वरी आतून ताठ झाली; आता निघेल अजितचं निम्मं आयुष्य. रंगूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "डबा घेतलास का?"

इंदापूरच्या दुकानात झेंडूच्या माळा होत्या आणि रंगाचा वास होता. इकबालशेठनी नारळ फोडला, गादीवर नवी चादर होती, तिच्यावर अजून एकही सुरकुती नव्हती. राजेश्वरीनं चपला काढल्या आणि गादीवर पाय ठेवला, आधी उजवा, मग तो. बसली. पहिली दोन गिऱ्हाइकं नुसती बघून गेली. मग निमगावच्या बाजूची एक सासू आणि तिची सून आली, आणि सून लाजत एका जांभळ्या साडीकडं बघत राहिली, भरजरी काठाची. राजेश्वरीनं ती उचलली. हात टेकला, उजव्या पायावर भार घेतला, उठली. शेठ गल्ल्यावरून बघत होते. बघत नाही असं दाखवत होते. तिनं निऱ्या धरल्या, पदर टाकला, आणि अर्धं वळली. आत इरकलाच्या पट्ट्या घामानं ओल्या झाल्या होत्या, पाऊल बोटभर बाहेर सरकलं, नसलेल्या बोटात जोडवं आवळलं, आणि ती उभी राहिली. समोर सुनेचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"घेऊया," सासू म्हणाली. "चांगली हाय. बांधा. हिच्या ठेवणीत ऱ्हाईल."

राजेश्वरीनं पदर सोडला नाही. "ठेवणीत ठेवायची असंल तर मी देणार न्हाय," ती म्हणाली. शेठ गल्ल्यावरून अर्धे उठले. "घेताय तर उद्या नेसू द्या हिला."

"अगं बाई! एवढी भारी साडी?" सासू हसायला लागली. "उद्या काय हाय असं?"

"मंगळवार," राजेश्वरी म्हणाली.